गांवचा दवाखाना आणि शेतकऱ्याचें कर्तव्य

शेताला बांध व विहिरीला कठडा ज्याप्रमाणें लागतो, त्याप्रमाणेंच गांवाला दवाखाना लागतो. बांध फुटला म्हणजे शेतकरी त्याच दिवशीं कुदळ घेऊन निघतो. पंपाची मोटार जळली तर रात्रींच्या रात्रीं ती दुरुस्तीस नेतो. परंतु गांवचा दवाखाना बंद पडला, तेथील डॉक्टर गांव सोडून गेला किंवा परिचारिकेची जागा रिकामी राहिली, तर त्याची चौकशी करण्यास सहसा कोणी उठत नाहीं. हें काम सरकारचें किंवा डॉक्टरांचें, आपलें नव्हे, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज शेतकऱ्यास किती महाग पडतो व लहान दवाखान्यांस बळकटी आणण्यासाठीं शेतकऱ्यांच्या संस्थांनीं काय करावें, याचा विचार जुन्नर तालुक्यांतील आळे गांव व त्याच्या आसपासचा टापू डोळ्यांपुढें ठेवून या लेखांत करावयाचा आहे.

आळे व त्याचा परिसर

पुण्याहून नाशिककडे जाणारा एक व कल्याणहून माळशेज घाटानें अहिल्यानगरकडे जाणारा दुसरा, असे दोन मोठे रस्ते आळेफाट्यावर एकमेकांस छेदतात. आळे गांव वारकऱ्यांस परिचित आहे तें ज्ञानेश्वरांशीं ज्याची कथा जोडली गेली त्या रेड्याच्या समाधीमुळें. कुकडी प्रकल्पाचें पाणी आल्यापासून या भागांत कांदा, टोमॅटो, ऊंस व भाजीपाला यांची लागवड वाढली. आळेफाट्यास कांद्याचा व नारायणगांवास टोमॅटोचा बाजार भरतो. पैसा हातीं येऊं लागला, तशी फाट्यावर दुकानें, गोदामें व रुग्णालयें यांचीही वाढ झाली. मात्र रस्त्यापासून आंत असलेल्या वाड्यावस्त्यांवरील कुटुंबास, व पश्चिमेकडील डोंगराळ भागांतील महादेव कोळी व ठाकर बांधवांस, रात्रीं-अपरात्रीं प्रथम आधार असतो तो जवळच्या लहान दवाखान्याचाच. जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांची ही सारखीच स्थिति आहे.

पाण्याबरोबर धोकेही आले. उंसाच्या दाट फडांत बिबट्यानें वस्ती केली. विजेची पाळी रात्रींची असली म्हणजे शेतकऱ्यास अंधारांत दारें धरावीं लागतात, व त्या वेळीं पायाखालीं साप येण्याचा संभव असतो. फवारणीचीं औषधें घरोघर झालीं. सबब येथील शेतकऱ्यास डॉक्टरची गरज पूर्वींपेक्षां अधिक आहे, व ती गरज घड्याळाकडे पाहून येत नाहीं.

लहान दवाखान्याचें काम

लहान दवाखाना या शब्दानें आम्हांस तीन प्रकारच्या संस्था अभिप्रेत आहेत: सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र व त्याचीं उपकेंद्रें, एकट्यानें किंवा पतिपत्नीनें चालविलेला खाजगी दवाखाना, आणि एखाद्या विश्वस्त संस्थेनें चालविलेला धर्मादाय दवाखाना. सरकारी प्रमाणाप्रमाणें सपाट प्रदेशांत ३०,००० व डोंगराळ किंवा आदिवासी भागांत २०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें, आणि अनुक्रमें ५,००० व ३,००० वस्तीस एक उपकेंद्र असावें. गांवचा खाजगी डॉक्टर या गणतींत येत नाहीं. परंतु ताप, खोकला, हगवण, जखम अशा नित्याच्या दुखण्यांचा मोठा भार त्याच्याच खांद्यावर असतो.

रोग वाढूं न देणें हें या दवाखान्यांचें मुख्य काम. गर्भवतीचा रक्तदाब वेळींच मोजला गेला तर झटके येण्याचें संकट टळूं शकतें. बालकास लस वेळेवर मिळाली तर गोवर व धनुर्वात यांची भीति राहत नाहीं. पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्याची साखर व रक्तदाब दर महिन्यास पाहिला गेला तर अर्धांगवायूचा व मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. या कामांस यंत्रसामग्री थोडी लागते. लागते ती नियमितपणा, नोंदवही व कुटुंबाची ओळख. एकाच घरच्या तीन पिढ्या ओळखणारा डॉक्टर जें पांच मिनिटांत जाणतो, तें शहरच्या अनोळखी रुग्णालयास अनेक तपासण्यांनंतर कळतें.

फवारणीच्या विषबाधेचेंच उदाहरण घ्यावें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विष अंगांत भिनून वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मरण पावले, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणांत असेल. सेंद्रिय फॉस्फरस वर्गांतील कीटकनाशकांच्या विषबाधेवर ॲट्रोपिन हें औषध स्वस्त व जुनें आहे, आणि तें लहान दवाखान्यांत ठेवतां येतें. रोग्याचे कपडे उतरवून अंग साबणानें धुणें, ॲट्रोपिन सुरू करणें, श्वासाकडे लक्ष ठेवणें व औषधाच्या डब्यासह रोग्यास पुढील रुग्णालयांत पाठविणें, एवढें काम पहिल्या तासांत झालें तर जीव वांचण्याचा संभव फार वाढतो. तें त्या तासांत जवळचा दवाखानाच करूं शकतो.

सर्पदंश: वेळेची किंमत

सर्पदंश हा मुख्यतः शेतकऱ्याचा व शेतमजुराचा शत्रु आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लक्ष माणसें दगावलीं, म्हणजे दर वर्षीं सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत काढण्यांत आला. यांपैकीं बहुतेक मृत्यु खेड्यांतले होते, व सुमारें निम्मे पावसाळ्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादींत केला. आणि हे मृत्यु २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा भारत सरकारनें २०२४ सालीं जाहीर केला.

या बाबतींत आपल्याच तालुक्यांत एक उत्तम उदाहरण आहे. नारायणगांवचे डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत यांनीं आपल्या रुग्णालयांत सर्पदंशाच्या हजारों रोग्यांवर उपचार केले असून सर्पदंशानें एकही मृत्यु होऊं नये अशी मोहीम चालविली आहे. शहरापासून दूर, तालुक्याच्या बाजारपेठेच्या गांवींही हें काम उत्तम प्रकारें करतां येतें, ही गोष्ट या उदाहरणावरून सिद्ध होते. त्यासाठीं लागणाऱ्या वस्तूंची यादी लहानच आहे: नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चार सापांच्या विषावर चालणारें प्रतिविष, त्याची उलट प्रतिक्रिया आल्यास टोचावयाचें ॲड्रिनलिन, नागाच्या दंशांत उपयोगी पडणारीं निओस्टिग्मिन व ॲट्रोपिन हीं औषधें, प्राणवायूचा सिलिंडर, आणि श्वास थांबूं लागल्यास हातानें हवा देण्याची पिशवी.

याशिवाय एक साधी कांचेची नळी हवी. घोणस व फुरसें यांच्या विषानें रक्त गोठण्याची शक्ति नष्ट होते. दंश झालेल्या माणसाच्या शिरेंतून दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या कांचेच्या नळींत घ्यावें, ती नळी वीस मिनिटें न हालवितां उभी ठेवावी व मग तिरपी करून पाहावी. रक्त गोठलें नसेल तर विष अंगांत भिनलें आहे व प्रतिविष देणें अवश्य आहे, असें डॉक्टरास कळतें. नळी प्लास्टिकची किंवा साबणानें धुतलेली असल्यास निकाल चुकतो. कांहीं रुपयांच्या या नळीवर एक जीव अवलंबून असतो. परंतु ती नळी दवाखान्यांत आहे किंवा नाहीं, हें गांवानें कधीं विचारलेलें नसतें.

मण्यारीची गोष्ट निराळी. ती बहुधा रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दंश दुखत नाहीं व खूणही क्वचित् दिसते. पहाटे पोट दुखूं लागतें, पापण्या जड होतात, आणि घरचे लोक अपचनाचें औषध देत बसतात. अशा रोग्याच्या पापण्या पाहून मण्यार ओळखणारा डॉक्टर जवळ असला तर वेळ वांचतो. शेतकऱ्यानें स्वतः इतकेंच करावें: दंश झालेला अवयव हालूं न देतां मोडलेल्या हाडाप्रमाणें बांधावा, अंगठ्या, कडीं व घट्ट कपडे काढावे, दोरी करकचून आवळूं नये, जखम कापूं नये, विष चोखूं नये, साप पकडण्यांत अगर मांत्रिकाकडे जाण्यांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा. बिबट्या किंवा कुत्रें चावलें तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं लस सुरू करावी.

बिरवाडीचा धडा

लहान दवाखान्यांत मोठें ज्ञान निपजूं शकतें, याचें उदाहरण कोंकणांतलें आहे. जालना जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांत जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ सालीं महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. त्या भागांत लाल विंचवाच्या दंशानें धडधाकट माणसें व विशेषतः मुलें दगावत. उपचार असा ठाऊक नव्हता. बावस्करांनीं रोग्यांच्या खाटेशीं बसून नाडी, रक्तदाब, घाम व श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषामुळें हृदयावर ताण येऊन फुफ्फुसांत पाणी भरतें व त्यानें रोगी दगावतो, असें या निरीक्षणांतून स्पष्ट झालें. त्यांची टिपणें १९८२ सालीं 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत छापलीं गेलीं. पुढें प्राझोसिन हें रक्तदाबावरील साधें औषध या दंशावर वापरण्याची पद्धति त्यांनीं घालून दिली, व १९८६ सालीं तीही तेथेंच प्रसिद्ध झाली. त्यामुळें विंचूदंशानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण अगदीं खालीं आलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

या हकीकतींत शेतकऱ्यानें पाहण्याजोगी गोष्ट नोंदवहीची आहे. ज्याप्रमाणें पाऊस, पेरणी व उत्पन्न यांची टिपणें ठेवणारा शेतकरी आपल्या जमिनीचा गुणदोष जाणतो, त्याचप्रमाणें नोंद ठेवणारा दवाखाना आपल्या गांवच्या रोगांचें मूळ जाणतो. उलट, कागदाच्या चिटोऱ्यावर औषध लिहून देऊन सर्व विसरून जाणारा दवाखाना वीस वर्षें चालला तरी त्याचें ज्ञान पहिल्या वर्षाइतकेंच राहतें.

आजवरचे प्रयत्न

खेड्यांतील लहान दवाखान्यास आधार देण्याची कल्पना नवी नाहीं. मद्रास इलाख्यांत १९२० नंतरच्या दशकांत अशी योजना होती कीं, खेड्यांत जाऊन राहणाऱ्या डॉक्टरास सरकारनें वार्षिक तनखा द्यावा. त्यानें गोरगरिबांस फुकट तपासावें व ऐपतदारांकडून फी घ्यावी. पुढें मुंबई इलाख्यांतही अशा अनुदानित डॉक्टरांचीं केंद्रें होतीं. १९४३ सालीं नेमलेल्या आरोग्यविषयक समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळ नाशिकचे. त्यांच्या १९४६ च्या अहवालांत प्रारंभीं दर ४०,००० वस्तीस एक प्राथमिक केंद्र असावें, असें सुचविलें होतें. १९५२ पासून समुदाय विकास योजनेबरोबर हीं केंद्रें उघडलीं जाऊं लागलीं.

पुणें जिल्ह्यांत डॉ. बानू कोयाजी यांनीं केईएम रुग्णालयाच्या वतीनें शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें १९७० नंतरच्या दशकांत ग्रामीण आरोग्याचें काम उभें केलें. गांवांतल्याच स्त्रीपुरुषांस शिकवून आरोग्यसेवक करावें, व त्यांच्या पाठीशीं रुग्णालय उभें असावें, ही त्या कामाची रीत होती.

जामखेडचें काम शेतकरी-संस्थांस विशेष बोधप्रद आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं तेथें काम सुरू केलें. औषधांनीं एकट्यानें रोग हटत नाहींत, पाणी व अन्न यांचा प्रश्न आधीं सुटला पाहिजे, हें ओळखून त्यांनीं गांवोगांवच्या तरुण शेतकऱ्यांचीं मंडळें बांधलीं. या मंडळांनीं विहिरी व कूपनलिका, बांधबंदिस्ती व झाडांची लागवड हीं कामें हातीं घेतलीं. आणि गांवानें निवडलेल्या, पुष्कळदां निरक्षर असलेल्या स्त्रिया प्रसूति, बालसंगोपन व नित्याच्या आजारांचें काम पाहूं लागल्या. १९७१ सालीं त्या गांवांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत. १९९० नंतरच्या दशकांत हें प्रमाण ३० च्या आंत आलें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ च्या आपल्या ग्रंथांत या कामाची दखल घेतली; १९७८ सालीं आल्मा-आता येथें अनेक राष्ट्रांनीं प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, त्याच्या आधींची ही गोष्ट. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

पैशाच्या प्रश्नावर सेवाग्रामनें शोधलेली तोड तर अस्सल शेतकरी पद्धतीची आहे. १९८० च्या सुमारास कस्तुरबा रुग्णालयांतील डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकारानें आसपासच्या गांवांसाठीं ज्वारीच्या वर्गणीची योजना निघाली. सुगीच्या वेळीं प्रत्येक घरानें ऐपतीप्रमाणें ज्वारी द्यावयाची: भूमिहीनानें कमी, जमीनदारानें जमिनीच्या मानानें अधिक. गांवांतील बहुसंख्य घरें सामील झालीं तरच तें गांव योजनेंत घ्यावयाचें, असा नियम होता. जमलेल्या निधींतून गांवच्या आरोग्यसेवकाचा व औषधांचा खर्च निघे, आणि न्यूमोनिया किंवा सर्पदंशासारख्या अकल्पित संकटांत सभासदास रुग्णालयांत विनामूल्य उपचार मिळत. आधीं ठाऊक असलेल्या दुखण्यांसाठीं मात्र रोग्यानें खर्चाचा कांहीं भाग द्यावयाचा. श्रीमंतानें अधिक द्यावें, गरिबानें थोडें द्यावें, परंतु फुकट कोणींच घेऊं नये, हें तत्त्व खेड्याच्या स्वभावास मानवणारें आहे.

दवाखाने कां टिकत नाहींत?

इतकें असूनही लहान दवाखाना दिवसेंदिवस दुबळा होत आहे, याचीं कारणें शोधलीं पाहिजेत.

पहिलें कारण मिळकतीचें. आपला शेतकरी सल्ल्याची किंमत देत नाहीं. तो सुईची व सलाईनची किंमत देतो. ज्या डॉक्टरानें तपासून "औषधाची गरज नाहीं, विश्रांति घ्या" असें प्रामाणिकपणें सांगितलें, त्यास फी देतांना हात आखडतो. उगाच सुई टोचणाऱ्यास मात्र ती आनंदानें दिली जाते. याचा परिणाम व्हावयाचा तोच होतो. प्रामाणिक डॉक्टर कंटाळून शहराकडे जातो, व राहणारा सुईकडे वळतो. त्यांत उधारीची भर. पीक आल्यावर देऊं, असें म्हणून राहिलेली बाकी भाव पडले कीं बुडते.

दुसरें कारण विम्याचें. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना व आयुष्मान भारत या योजनांनीं शस्त्रक्रियेच्या व रुग्णालयांत खाटेवर पडण्याच्या खर्चांत गरिबांस मोठा आधार दिला, हें मान्य केलें पाहिजे. शेजारच्या कर्नाटकांत सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठीं २००३ पासून सुरू झालेली यशस्विनी योजना मुख्यतः शस्त्रक्रियांसाठींच होती. या सर्व योजना रोगी खाटेवर पडल्यावर धांवून येतात. तो खाटेवर पडूं नये म्हणून दर महिन्यास त्याचा रक्तदाब पाहणाऱ्या लहान दवाखान्यास त्यांतून कांहीं मिळत नाहीं.

तिसरें कारण एकटेपणाचें. एकट्या डॉक्टरास रात्र व सुट्टी असे कांहीं नसतें. राहण्यास नीट घर नाहीं, मुलांच्या शिक्षणाची सोय नाहीं, कठीण रोग्याविषयीं विचारण्यास जवळ कोणी जाणता नाहीं. त्यांतच एखादा रोगी दगावला तर जमाव दारीं येतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रांत २०१० सालीं कायदा झाला आहे. परंतु रात्रीं बारा वाजतां कायदा दाराशीं उभा राहत नाहीं, गांवचे चार वजनदार लोक उभे राहूं शकतात. ज्या दवाखान्यांत रोगी दगावल्यास मारहाण होते, तेथील डॉक्टर पुढच्या खेपेस अत्यवस्थ रोग्यास हात न लावतां पुढें पाठवितो. आणि तो रोगी वाटेंत जातो. मारहाणीचा दंड असा गांवासच भरावा लागतो.

संस्थांनीं काय करावें?

आमच्या मतें विविध कार्यकारी सोसायट्या, दूध उत्पादक संस्था व साखर कारखाने यांस पुढील गोष्टी सहज करतां येण्याजोग्या आहेत.

(१) *आरोग्य-निधि.* दूधबिलांतून किंवा पिकाच्या पट्टींतून सभासदाच्या संमतीनें ठराविक रक्कम कापून घ्यावी. नमुन्यादाखल हिशेब असा: १,००० कुटुंबांनीं वर्षास प्रत्येकीं ३०० रुपये दिले तर ३,००,००० रुपये होतात; म्हणजे दर घरामागें महिन्यास २५ रुपये. भूमिहीनांस वर्गणी कमी ठेवून ती तूट मोठ्या खातेदारांनीं भरावी. नफ्याच्या वांटणींत लोकोपयोगी कामासाठीं रक्कम ठेवण्याची सोय सहकारी कायद्यांत आहे, तिचाही उपयोग करावा.

(२) *ठरीव मानधन.* या निधींतून गांवच्या खाजगी डॉक्टराशीं लेखी करार करावा. मधुमेह, रक्तदाब, दमा अशा रोग्यांची मासिक तपासणी व नोंद यासाठीं त्यास ठरीव रक्कम द्यावी, व ती टोचलेल्या सुयांच्या संख्येवर अवलंबून असूं नये. डॉक्टराची पदवी व नोंदणी पाहूनच करार करावा.

(३) *संकटसमयींची पेटी.* प्रतिविष, ॲड्रिनलिन, ॲट्रोपिन, प्राणवायु, कांचेच्या नव्या नळ्या व हवा देण्याची पिशवी जवळच्या कोणत्या दवाखान्यांत आहे, याची यादी मृगापूर्वीं करावी. मुदत संपलेलीं औषधें बदलून घ्यावीं. सरकारी केंद्रांत तुटवडा असल्यास ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा परिषदेकडे मागणी करावी.

(४) *रात्रींचें वाहन.* १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रांत आहे. ती येईपर्यंत दूरच्या वस्तीवरून रोग्यास रस्त्यावर आणण्यासाठीं वाहनधारक सभासदांची आठवडेवार पाळी लावावी. इंधनाचा खर्च निधींतून द्यावा.

(५) *समित्यांत काम.* २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानें प्राथमिक केंद्रास रुग्ण कल्याण समिति व गांवास आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समिति दिली, व त्यांच्या हातीं थोडा अबंधित निधिही ठेवला. पुष्कळ ठिकाणीं या समित्या कागदावरच राहतात. शेतकरी-संस्थेनें आपला एक जाणता सभासद तेथें पाठवावा व खर्चाचा हिशेब ग्रामसभेंत वाचून दाखवावा.

(६) *डॉक्टरांचा मेळ.* आसपासच्या पांचसहा डॉक्टरांनीं महिन्यास एकदां एकत्र बसून कठीण रोग्यांची चर्चा करावी, रात्रपाळी वांटून घ्यावी, व तालुक्यांतील अनुभवी तज्ज्ञांस बोलवावें. सभेसाठीं सोसायटीचें दालन मोफत द्यावें. सरकारच्या ई-संजीवनी सेवेनें उपकेंद्रांतून दूरच्या डॉक्टराचा सल्ला घेतां येतो. त्यासाठीं वीज व इंटरनेट चालू राहील याकडे ग्रामपंचायतीनें लक्ष द्यावें.

(७) *आशा व परिचारिका.* हजार वस्तीमागें एक आशा ताई हीच दवाखान्याची गांवांतील डोळा व कान आहे. तिच्या नोंदींचा मान राखावा, व उपकेंद्रांत राहणाऱ्या परिचारिकेस पाणी, दिवा व सुरक्षितता मिळेल हें गांवानें पाहावें.

डॉक्टराचें व रोग्याचें कर्तव्य

आधार घेणाऱ्या दवाखान्यानेंही कांहीं बंधनें पाळलीं पाहिजेत. फीचा फलक बाहेर लावावा. औषधाची चिठ्ठी वाचतां येईल अशा अक्षरांत द्यावी. गरज नसतां सुई, सलाईन व जंतुनाशक औषधें देऊं नयेत. आपल्या शक्तीबाहेरचा रोगी वेळेवर, उपचाराच्या लेखी टिपणासह पुढें पाठवावा. आणि पाठविण्याबद्दल मोठ्या रुग्णालयाकडून मोबदला घेऊं नये. कारण त्या मोबदल्याचा पैसा शेवटीं शेतकऱ्याच्याच खिशांतून जातो. वर्षाअखेर किती रोगी पाहिले, कोणते रोग वाढले, किती मृत्यु टळण्याजोगे होते, हें गांवापुढें वाचून दाखवावें. मात्र कोणा रोग्याचें नांव उघड करूं नये.

शेतकऱ्यानें आपल्या बाजूनें फी वेळेवर द्यावी. जुने कागद व गोळ्यांचीं पाकिटें जपून दवाखान्यांत न्यावीं. बरें वाटलें म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मतानें थांबवूं नये. सुईचा हट्ट धरूं नये. घरांतील स्त्रियांचीं दुखणीं सुगी संपेपर्यंत लांबणीवर टाकूं नयेत. ही चाल सर्वत्र आहे व तिनें अनेक घरें उघडीं पडलीं आहेत. गाय आजारी पडली तर दोन तासांत पशुवैद्यास फोन जातो, आणि घरधनीण आठ दिवस तापानें फणफणते, हें चित्र ज्या घरीं असेल त्यानें स्वतःशींच विचार करावा. मुक्या जनावराची समाधि शतकानुशतकें जपणाऱ्या मुलखास माणसाच्या जिवाची आस्था नव्यानें शिकवावी लागूं नये.

एवंच, लहान दवाखाना हा धर्मादाय नव्हे. तो शेतीच्या भांडवलाचा भाग आहे. घरचा कर्ता पुरुष किंवा स्त्री अवेळीं गेली तर पुष्कळ ठिकाणीं जमीन गहाण पडते, मुलांचें शिक्षण थांबतें व सोसायटीचें कर्जही थकतें. तेव्हां सोसायटीनें दवाखान्यावर केलेला खर्च हा तिच्या स्वतःच्या कर्जवसुलीचाही विमा होय.

पुढील खरीपापूर्वीं प्रत्येक गांवच्या संस्थेनें एक सभा बोलवावी, गांवच्या डॉक्टरास, परिचारिकेस व आशा ताईस सन्मानानें तेथें बसवावें, आणि त्यांस चार प्रश्न विचारावे: रात्रीं साप चावला तर पहिल्या तासांत आपण काय करूं शकतां? त्यासाठीं आपणांकडे आज काय नाहीं? गांवांत रक्तदाबाचे व मधुमेहाचे रोगी किती, व त्यांपैकीं नियमित येतात किती? आणि आपण या गांवीं टिकून राहावें म्हणून आम्हीं काय करावें? उत्तरें इतिवृत्तांत लिहून घ्यावीं, प्रत्येक कामासमोर एका सभासदाचें नांव व एक तारीख घालावी, व त्या तारखेस पुन्हा सभा भरवावी. आळे व आसपासच्या गांवांनीं हें प्रथम केलें तर जुन्नर-आंबेगांवच्या इतर गांवांस तें पाहून करणें सोपें जाईल.